वेळेवर परत केलेला ग्रंथ

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे. माझ्या पोटात इंग्रजीतल्या कथा-कविता ठासून भरल्या आहेत. छापखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या नामांकित विद्यापीठात काचेच्या कपाटात मिरवेन. आलो कुठे, तर अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांमध्ये, आसपासच्या लोकांसाठीच्या एका छोट्या कम्युनिटी कॉलेजात. ही गोष्ट फोनवर सारं सापडायच्या आधीची.

तिथे आम्हाला कोणी विकत घेत नसे. मुलं सत्रापुरतं वापरायला नेत आणि शेवटच्या दिवशी कॉलेजातल्या पुस्तकांच्या खिडकीवर परत करत. कोणी माझ्यावर कॉफी सांडली, कोणी ओळीच्या ओळी पिवळ्या रंगवल्या. परीक्षेपुरते सगळे माझे, मग कोण कुणाचा!

अपवाद एकच, मार्लिस. सकाळी ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात राबायची आणि संध्याकाळी कॉलेजच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. वय पन्नाशीकडे झुकलेलं, त्यामुळे नवी पोरं तिलाच शिक्षिका समजत. तिचे वडील ऑर्व्हिल नाकाला प्राणवायूची नळी लावून घरी खुर्चीत बसलेले असत. उभा जन्म त्यांनी रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी चालवली होती. अभ्यास म्हणून मार्लिस त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. कथा ऐकताना ते खुशाल घोरत. पण एकदा बर्फात बुजलेल्या रस्त्याची कविता आली आणि म्हातारा ताठ बसला.

"या कवीनं फावडं धरलंय बरं का कधीतरी. पुन्हा वाच, पोरी."

"बाबा, उद्याची परीक्षा दुसऱ्याच कवितेवर आहे."

"असू दे की. हा काय तुला नापास करणारे?"

मग रोज जेवण झालं की तीच कविता. एकदा ते म्हणाले, "मला पुरताना पाद्रीबाबांना थोडक्यात आटपायला सांग. ही तू वाच." मार्लिस हसली आणि हो म्हणाली.

डिसेंबरात सत्र संपलं. मार्लिस नियमाला पक्की. तिने मला पुसून खिडकीवर ठेवलं आणि म्हणाली, "जानेवारीत हाच पुन्हा द्या हं."

जानेवारीत नवी आवृत्ती आली. ती कविता तिच्यातून गाळली होती. आम्हा जुन्यांना 'फुकट न्या' असं लिहिलेल्या खोक्यात कोंबून व्हरांड्यात ठेवलं. दुसऱ्याच दिवशी मार्लिस धापा टाकत खिडकीशी आली.

"जुना ग्रंथ हवाय. उद्या वडिलांना पुरायचंय."

"जुने बाद झाले, बाई. नवा देऊ?" खिडकीवरचा नवा माणूस म्हणाला.

तिने नवा दोनदा चाळला आणि ती निघून गेली. मी तिथून हाकेच्या अंतरावर, खोक्याच्या तळाशी होतो. पण हाक मारायला मला तोंड कुठे होतं?

पुढच्या आठवड्यात ती आणि तिचे शिक्षक रेनर सर खोक्यापाशीच बोलत थांबले.

"वाचलीस का कविता?" सरांनी विचारलं.

"पाठ होती तेवढी म्हटली, सर. निम्म्यात अडले. सगळे बर्फात उभे, आणि मी गप्प."

बोलता बोलता ती खोक्यातली पुस्तकं उगाच वरखाली करत होती. कॉफीच्या डागावरून तिने मला ओळखलं. मी आपोआप त्याच पानावर उघडलो. उरलेली अर्धी कविता तिने तिथेच, हळू आवाजात वाचली. सरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"बाबा, एवढी राहिली होती," ती म्हणाली.

आता मी तिच्या घरी, त्या रिकाम्या खुर्चीशेजारी असतो. मित्रांनो, घेतलेली वस्तू वेळेवर परत करावी, हे खरंच. पण पुस्तक परत करण्याआधी घरात कोणी अजून ऐकत बसलंय का, तेवढं बघत जा.