मास्तरांचा उजवा हात

मास्तरांच्या हातून कात्री पडली, त्याचं आक्कांना काही वाटलं नाही. शिंप्याच्या दुकानात कात्री पडतेच. पण "उचलू का?" म्हटल्यावर मास्तर जे बोलले ते शब्द नव्हतेच, नुसता लगदा होता. आक्का बावीस वर्षं त्यांच्याकडे काजं-बटणं करत होत्या. भल्याभल्या गिऱ्हाइकांची भंबेरी उडवणारी ती जीभ आजवर कधी अडखळली नव्हती.

"मास्तर, हसा बघू."

ओठांची उजवी बाजू हललीच नाही.

"दोन्ही हात वर करा." उजवा चढता चढता खाली आला.

आक्कांच्या नणंदेला असंच झालं होतं. 'झोपली की बरं वाटेल' म्हणत घरच्यांनी संध्याकाळ केली, आणि ती पुन्हा उठलीच नाही. शेजारचा घड्याळवाला पाणी घेऊन धावला, तसा आक्कांनी त्याचा हात धरला. "घशात अडकेल! अँब्युलन्स बोलवा आधी." मग समोरच्या कापडावर खडूने लिहिलं: सव्वा अकरा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा तेच विचारलं. "त्रास कधी सुरू झाला?"

"सव्वा अकराला. त्याआधी चांगले माझ्यावर ओरडत होते."

स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसला नाही; गुठळी होती. ती विरघळवणारं इंजेक्शन लगेच दिलं. "फार उशीर झाला असता तर हे देताच आलं नसतं," बाई म्हणाल्या. ब्लडप्रेशरच्या गोळ्या मास्तरांनी 'मला काय धाड भरलीय' म्हणून परस्पर बंद केल्या होत्या, हेही तिथेच उघडकीला आलं. आता मास्तर त्या मोजून घेतात, आक्कांसमोर.

हात मात्र लगेच वळेना. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज रबरी चेंडू दाबायला लावायची. एकदा चिडून मास्तरांनी तो भिंतीवर भिरकावला. आक्कांनी उचलून परत दिला.

"काल हातातून गळत होता, आज फेकलात. उद्या आणखी लांब फेका."

आठ महिन्यांनी पहिला कोट तयार झाला. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं. "वा! हात अगदी पूर्वीचाच की, मास्तर!"

मास्तर एकेक शब्द जुळवत बोलले. "शिवला मीच. पण बाही... या बाईंनी... उसवायला लावली."

"दोनदा," आक्का म्हणाल्या, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा ठसक्यात.