आखूड छाटणी

वेली फुटल्या की माणसाला बरं वाटतं म्हणे. थोरलीनं त्या सकाळी खालच्या द्राक्षमळ्यात पाय ठेवला आणि ती जागीच थबकली.

ऐन हिवाळ्यात, छाटणीच्या तोंडावर, ती जिन्यावरून घसरली होती. पाय प्लास्टरात घालून महिनोन् महिने खिडकीशी पडून राहिली. छाटणी केली ती तिच्या वडिलांनी, नानांनी, एकट्यानं. आज ती काठी टेकत पहिल्यांदा मळ्यात आली, तर आभाळ चुलीतल्या राखेसारखं, वाट चिखलाची, आणि ओळीच्या ओळी कोवळ्या हिरव्या. लांबून बघणाऱ्यानं वाहवा केली असती. लांबून बघणाऱ्यांचं काय जातं!

तिनं जवळ जाऊन पाहिलं. एकेक काडी दोन डोळ्यांवर, म्हणजे बुडाशी दोनच कोंब फुटतील इतकी आखूड, कापलेली होती. काप कसा, तर स्वच्छ, तिरका, कुठे सालीचा धागा लोंबत नाही. हात नानांचाच होता, त्यात शंका नव्हती.

पण ही जात आखूड छाटायची नव्हेच. हिचे बुडाचे डोळे वांझ. ते फुटतात, पानं देतात, वरून अगदी साजरे दिसतात, पण घड देत नाहीत. घड हवे असतील तर काडी आठ-दहा डोळ्यांची लांब ठेवायची आणि तारेला बांधायची, वरच्या मळ्यात नानांनी बांधली होती तशी. हे तिला शिकवलं कोणी? नानांनीच. पूर्वी या खालच्या मळ्यात काळ्या द्राक्षांची जात होती, तिला दोन डोळे पुरायचे. ती उपटून टाकली त्याला एकवीस वर्षं झाली, आणि उपटली होती तीही नानांनीच.

तरी माणसाची आशा काही मुकाट्यानं मरत नाही. कोवळी फूट वीतभर वाढली की पानासमोर मोहरीच्या दाण्यांचा झुबका असावा तसा इवलासा घड दिसायला लागतो. तिनं पानं उलटून पाहायला सुरुवात केली. एक वेल, दहा वेली, अख्खी ओळ. पाय ठणकायला लागला तेव्हा ती बांधावर बसली. यंदा खालच्या मळ्यात एकही घड नव्हता.

पीक गेल्याचं दुःख होतंच, पण ते नंतर. आधी तिला धाकटा आठवला. तिचा भाऊ शहरात राहायचा, आठवड्याच्या सुट्टीला यायचा. नाना दोनदा शेजाऱ्याच्या घराला आपलं समजून आत जाऊन बसले, तेव्हाच तो म्हणाला होता, "ताई, आता त्यांच्या हातात कात्री नको. बाहेरची माणसं लावू." तिनं ठणकावलं होतं, "मी आहे ना!" कारण हिवाळ्यात नाना स्वतःहून उठायचे, दाढी करायचे, जेवायला मागायचे, ते या एका कामासाठी. कात्री काढून घेतली की माणूस खाटेला लागणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. छाटणीच्या दिवसांत धाकट्याचं येणं झालं नव्हतं, आणि कात्री कोणाच्या हातात होती हे तिनं त्याला कळू दिलं नव्हतं.

नाना अवजारांच्या खोलीत कात्रीला तेल देत बसले होते.

"नाना, खालचा मळा दोन डोळ्यांवर का कापला?"

त्यांनी वर पाहिलं. मग फडक्याला हात पुसत राहिले.

"पाचव्या ओळीत मला शंका आली होती," ते म्हणाले. "हात थांबला. वाटलं, कोणाला तरी विचारावं. पण विचारू कोणाला? सगळे मलाच विचारायला येतात."

"मी होते ना घरात!"

"तुला विचारलं असतं तर तुला कळलं असतं." त्यांनी तिचं मनगट धरलं. "धाकट्याला सांगू नकोस, बाळ."

तिच्या जन्मात नानांनी कोणाची विनवणी केलेली तिनं पाहिली नव्हती. ती नुसती मान हलवून बाहेर आली आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडली.

तीन दिवसांनी धाकटा आला. तिघं खालच्या मळ्यात उतरली. धाकट्याला शेतीतलं फार कळत नसलं, तरी आंधळा नव्हता तो.

"वरच्या मळ्यात काड्या लांब बांधल्यात. इथे सगळं आखूड का? घड कुठे आहेत?"

"मी सांगितलं तसं कापायला," थोरली म्हणाली. "माझा पाय असा. काड्या बांधायला कोण येणार? म्हटलं, यंदा आखूडच करा."

तिनं हळूच नानांकडे पाहिलं. निदान नजर चुकवतील, वाटलं होतं. नानांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली होती.

"तू सांगितलंस?" ते गरजले. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? या जातीला आखूड छाटणी चालत नाही, हे शंभरदा शिकवलं तुला! बुडाचे डोळे वांझ असतात हिचे! अख्खा मळा नासवलास! आणि मला घरात बसवून कोणाकडून कापून घेतलंस हे?"

तिनं त्यांचे डोळे नीट निरखले. आपल्या लेकीला सामील होऊन सोंग करणाऱ्या बापाचे ते डोळे नव्हते. ते खरोखर चिडले होते, आणि शिकवत होते ते सगळं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. लहानपणी तिला ते असेच झापायचे.

धाकट्याचा चेहरा मात्र किती दिवसांनी उजळला. "अगं ताई, नानांचं डोकं तर आपल्या दोघांपेक्षा शाबूत आहे! मीच उगाच काळजी करत होतो."

"पुढच्या हिवाळ्यात दोन्ही मळे मी छाटणार," नाना म्हणाले. "एकटा. हिला आत पाऊल टाकू द्यायचं नाही."

"बरोबर आहे नाना," धाकटा म्हणाला. "ऐकलंस ना, ताई?"

"ऐकलं," ती म्हणाली.