घेणारा कुणी नाही

मुलुंडच्या ज्या कारखान्यात रत्नप्रभा चोवीस वर्षं शिलाई मशीनचे सुटे भाग तपासत होती, त्याचे शेअर बाजारात आले. मालकांनी जुन्या कामगारांनाही थोडे थोडे दिले. अट एकच, वर्षभर विकायचे नाहीत.

तीस रुपयांचा शेअर बघता बघता चारशेवर गेला. कारखान्यात मशिनं तीच, माणसं तीच.

"मग भाव कशाने वाढतो गं?" तिने मुलीला, अक्षताला, विचारलं.

"लोक घेतायत म्हणून वाढतोय, आणि वाढतोय म्हणून लोक घेतायत."

नवरा लवू एका टॉवरमध्ये पाण्याचे पंप सांभाळायचा. जिने चढून चढून गुडघे पार गेलेले. रत्नप्रभाच त्याला म्हणाली, "सोडा आता ती नोकरी."

"पैसे हातात येऊंदेत, मगे बघूया."

"येणारच आहेत ना."

लवूने नोकरी सोडली.

वर्ष भरायला तीन आठवडे उरले आणि शेजारच्या देशात दंगली होऊन सरकार पडलं. कारखान्याचा निम्मा माल तिथल्याच कपड्यांच्या कारखान्यांत जायचा. ऑर्डरी थांबल्या. शेअर रोज पाच टक्के पडू लागला. दिवसाला त्याहून जास्त पडू द्यायचा नाही असा नियम होता, पण तेवढा तो बाजार उघडताच पडायचा.

तिचे शेअर मोकळे झाले तेव्हा भाव निम्म्यावर आला होता.

"निम्मे तर निम्मे, विकून टाक," ती म्हणाली.

अक्षताने सव्वानऊला मोबाइलवर विक्री लावली. विकणाऱ्यांच्या रकान्यात सगळ्यांचे मिळून पावणेदोन लाख शेअर, घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य.

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही, आई. सगळे आपल्यासारखेच रांगेत आहेत."

दोन महिने रोज सकाळी हेच. मधे लवू जुन्या टॉवरमध्ये विचारून आला. तिथे आपोआप चालू-बंद होणारे पंप बसले होते. घरी आल्यावर तो तिला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं, असं तिला वाटत राहिलं.

शेवटी भाव बावीसवर आला आणि कुणीतरी रांगेतले सगळे शेअर, तिचेही, एकदम घेतले. का घेतले, ते अक्षतालाही सांगता येईना. त्याच आठवड्यापासून कारखाना तीनच दिवस चालू लागला, आणि लवू भांडुपच्या एका गोदामात वॉचमन म्हणून उभा राहिला.