पेना आजीची मालगाडी

घाबरू नका, हे जे हादरतंय ते मी आहे. बल्गेरियातल्या एका सरकारी संशोधन संस्थेतला भूकंपाचा मंच. माझ्यावर घरांच्या, पुलांच्या प्रतिकृती ठेवायच्या, मला हलवायचं आणि काय कोसळतं ते पाहायचं. तीस वर्षं मी इमानेइतबारे पाडापाडी केली.

मग वरून हुकूम आला. संस्थेनं आता लोकांना सेवा विकावी, गिऱ्हाईक मिळवावं, नाहीतर टाळं. माझे अभियंते रादको यांनी दारावर पाटी लावली, ‘येथे काहीही हलवून मिळेल’, आणि शरमेनं त्या दिवशी जेवले नाहीत.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पेना आजी. पलंग घेऊनच आल्या.

“याची मजबुती तपासायची?” रादकोंनी विचारलं.

“पलंग धडधाकट आहे. झोप गेलीय माझी. पन्नास वर्षं रुळांना लागून राहिले, आणि आता लेकीनं नेऊन टाकलंय शांत घरात. डोळा लागत नाही. मला जरा गाडी लाव.”

“आजी, इथं भूकंप होतात, अंगाई नाही!”

“मग पाटीवर ‘काहीही’ कशाला लिहिलंस?”

रादकोंनी पलंग माझ्यावर चढवला. त्यांनी मला आगगाडीसारखं हलवलं. आजी पलंगावरूनच करवादल्या, “ही पॅसेंजर झाली रे! मला दुपारची मालगाडी हवी. ती लंगडते.”

आता रादको हट्टाला पेटले. दोन दिवस रुळांशेजारी यंत्र घेऊन बसले आणि ते लंगडणं मोजून आणलं. तिसऱ्या दिवशी मी हुबेहूब लंगडलो. आजी घोरू लागल्या. अहवालात रादकोंनी लिहिलं: ‘नमुना – आजी, एक. तडे – नाहीत.’

मग रांगच लागली. जहाजावरच्या निवृत्त आचाऱ्याला समुद्र हवा होता, ट्रामवाल्या जोडप्याला ट्राम.

एका दुपारी मंत्रालयाचे तीन साहेब टाळं घेऊनच आले.

“आम्ही मंत्रालयातून...”

“शू! बूट काढा, आजी झोपल्यात,” रादको पुटपुटले. “वार्ना स्टेशन यायला अजून चाळीस मिनिटं आहेत.”

तिघं मोजे घालून बाकावर बसले. थोड्या वेळानं मोठ्या साहेबांनी जांभई दाबत विचारलं, “पुढच्या गाडीला जागा आहे का हो?”

टाळं अजून त्यांच्या बॅगेतच आहे. माझं मात्र वय झालंय, सांध्यांतून तेल गळतं. एकच विनंती. कुणी खरा भूकंप मागायला आलंच, तर आधी आजींना उठवा. हळूच.