इंदरलालच्या नावाची गारी

पडद्यावर एक आई आपल्या मुलाच्या मारेकऱ्याला पाणी पाजत होती आणि हॉलभर पोरी मुसमुसत होत्या. पहिल्या रांगेतल्या चंद्रावतीबाईंचे डोळे मात्र कोरडे होते. त्या पडद्याकडे पाहतच नव्हत्या. त्या पाहत होत्या बाजूच्या सोफ्यावर बसलेल्या इंदरलालकडे.

भंडाऱ्याकडच्या गोरेगावच्या या कॉलेजात दर शनिवारी शांतता आणि सामाजिक न्यायावरचा एक पिक्चर दाखवत. ही मालिका दुर्गाप्रसाद सरांनी सुरू केली होती. संस्थेचे अध्यक्ष इंदरलाल भाषणापुरते येत. आज मोठ्या पिक्चरच्या आधी मुलांनी केलेली छोटी फिल्म झाली होती, लग्नातल्या जुन्या गाण्यांवर. ती चंद्रावतीबाईंच्या नातीनं, हर्षानं केली होती आणि तिच्यात गात होत्या खुद्द बाईच. बोलावणं आलं तेव्हा बाईंनी एवढंच विचारलं होतं, "अध्यक्ष कोन हाये म्हनलीस?" नाव ऐकलं आणि दवनीवाड्याच्या घरातल्या पेटीतून ठेवणीतलं लुगडं बाहेर निघालं.

पन्नास वर्षांपूर्वीची लग्नं चार-चार दिवस चालत. मांडवावर जांभळाच्या हिरव्यागार फांद्या, आत बायांचा कलकलाट, आणि हळदीचा वास तर आठवडाभर घरातून जात नसे. चंद्रावतीबाईंच्या थोरल्या बहिणीच्या, नंदाच्या लग्नाचा मांडवही असाच पडला होता. नंदाला हळद लागली. वरात काही आली नाही, निरोप आला. नवरा इंदरलाल म्हणतो, पोरीला महारोग आहे.

नंदाच्या अंगावर तिळाएवढाही डाग नव्हता. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं तपासून तसं सांगितलं, पण गावाला डॉक्टरपेक्षा इंदरलालचा शब्द मोठा वाटला. त्याच उन्हाळ्यात त्यानं एका राईसमिलवाल्याची पोरगी केली. नंदा विहिरीवर आली की बाया आपल्या पाण्याच्या गुंड्या बाजूला घेत. धानाच्या रोवणीला तिला शेताच्या वेगळ्या बांधीत उभी करत. तिची ताटली वेगळी, तिचा पेला वेगळा. तशीच ती भावाच्या ओसरीत म्हातारी झाली आणि गेली. तिला शेवटची आंघोळ घालायला चंद्रावतीबाईंशिवाय एकही बाई पुढे आली नाही.

चंद्रावतीबाईंना इंदरलालकडून एकच गोष्ट हवी होती. आपण खोटं बोललो, हे त्यानं चार माणसांत सांगावं.

पिक्चर संपला. इंदरलाल उभे राहिले, चष्मा पुसला आणि क्षमेवर बोलले. क्षमा करणारा मोठा, वैर धरणारा लहान. मग पोरांचे रडवेले चेहरे पाहून हसले.

"बहुत हो गया रोना-धोना! या बाई इतक्या छान गातात. एक गारी होऊन जाऊ द्या. तुम्ही आजकालची पोरं, तुम्हाले काय माहीत? लग्नात नवऱ्याले नाव घेऊन शिव्या देतात, त्या गाण्यातून. त्यानं रागवाचं नाही, उठून जाचं नाही, हसत आयकाचं. अन् गाणारी जो नेग, म्हंजे मानाची भेट, मागन तो द्याचाच. घ्या बाई, माझ्याच नावानं म्हना!"

बहिणीचा जन्म जाळला, आणि या माणसाला माझं तोंडही आठवत नाही! चंद्रावतीबाई उठल्या. माईक हातात घेतला.

"म्हनते ना, भाऊजी."

'भाऊजी' ऐकून पोरं खिदळली. बाईंनी आवाज लावला.

"मांडव पडला दारी, नवरा नाही आला,
हळदीची नवरी टाकून कोन पळून गेला?
इंदरलाल गेला गं बाई, इंदरलाल गेला!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. पोरींनी ओळ उचलली, 'इंदरलाल गेला गं बाई!' इंदरलालही मान डोलावत होते.

"गोऱ्या गोऱ्या नंदाले डाग कोनं लावला?
राईसमिलच्या पायी खोटं कोन बोलला?
इंदरलाल बोलला गं बाई, इंदरलाल बोलला!"

मान डोलायची थांबली. हसू मात्र तोंडावरच राहिलं, काढून ठेवायला जागा नसल्यासारखं. रागवायचं नाही, उठून जायचं नाही, हे त्यांनीच आताच सांगितलं होतं. त्यांनी घाईघाईनं खिशातून नोट काढली.

"घ्या बाई, नेग घ्या. झालं."

"नोट ठेवा खिशात. नंदाच्या अंगावर डाग नव्हता, एवढं बोला. हाच माझा नेग."

"सर, काय लावलं हे? माईक बंद करा," इंदरलाल पुटपुटले. दुर्गाप्रसाद सर गोंधळून इकडेतिकडे पाहू लागले. मागच्या पोरांना तो अजून खेळच वाटत होता. "नेग द्या! नेग द्या!" त्यांनी बाकं बडवायला सुरुवात केली. पुढच्या पोरी मात्र टक लावून पाहत होत्या.

"नव्हता," इंदरलाल म्हणाले.

बाईंनी माईक त्यांच्या तोंडापुढे धरला. "काय नव्हता?"

"डाग नव्हता. नंदाच्या अंगावर डाग नव्हता."

बाकं थांबली.

"मंग काऊन बोललात?"

"बाबूजीनं दुसरीकडं ठरवलं होतं. काही कारण तर सांगावं लागत होतं." त्यांनी हात जोडले. "चंद्रावती, मले माफ कर."

दुर्गाप्रसाद सरांचा चेहरा उजळला. पिक्चरमध्ये घडलं तेच समोर घडत होतं! ते टाळ्या वाजवणार, तोच बाई बोलल्या.

"माफी मी कायले देऊ? मी तं लग्न करून पोराबाळांत सुखी राहिली. जिची माफी होती तिनं चाळीस वर्षं वेगळ्या पेल्यात पानी पेलं. जोडा नाही तं सोडा, हात तुमचे हायेत. माझ्याकडून काही भेटनार नाही."

माईक टेबलावर ठेवून त्या चालू लागल्या. कुणीच टाळी वाजवली नाही. दाराशी झाडूवाली उभी होती. तिनं वाकून बाईंच्या पायांना हात लावला.

एस.टी. स्टँडवर हर्षानं फलकावर गाडीची वेळ पाहिली. मग म्हणाली, "आजी, त्या पिक्चरमधल्या बाईनं तं माफ केलं."

"तिचं पोरगं, तिची मर्जी."

"पर तुझं मन शांत झालं ना आता?"

"कायचं शांत? गोड वाटून राहिलं." बाईंनी बटव्यातून सुपारी काढून तोंडात टाकली. "त्याच्या नातवाचं लग्न होनार म्हनते या उन्हाळ्यात. गारी म्हनाले कोन हाये, विचारून ठेव."