संसदेतल्या दोघांच्या सोफ्याचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. दोघांचा. माझ्यावर तिसरा माणूसही बसू शकतो, पण मग तिघांपैकी कुणीच नीट बसल्यासारखं दिसत नाही.

माझा जन्म एका सुतारकाकांच्या कारखान्यात झाला. सागवानी सांगाडा, आत स्प्रिंगा, त्यावर काथ्या आणि सगळ्यांवर हिरवी मखमल. मखमल काकूंनी शिवली. निरोप देताना काका हमालाला म्हणाले, "जपून ने रे, संसदेत चाललाय." हमालानं विचारलं, "कुठल्या पक्षाकडून?"

मला सभागृहाच्या दाराबाहेर ठेवलं. समोरच्या भिंतीवर टीव्ही होता, त्यात आतलं सगळं दिसे. देशावरच्या कर्जाची चर्चा मी इतक्यांदा ऐकली, की मला ती पाठ झाली. कर्ज फार झालंय आणि ते मागच्या सरकारनं केलंय. मागचं सरकार म्हणे, ते त्याच्या मागच्या सरकारनं केलंय. मग निवडणूक होई, माणसं बाकं बदलत आणि तीच भाषणं समोरच्या बाजूनं होत. कर्ज तेवढं पक्ष न बदलता वाढत राही.

एकदा माझी उजवीकडची स्प्रिंग सैल झाली. तिच्यासाठी समिती नेमली गेली. समिती इतर देशांतले सोफे पाहून आली आणि तिनं जाडजूड अहवाल दिला, की स्प्रिंग सैल आहे. तेव्हापासून माझ्यात एक व्यंग राहिलं. दोघं बसलेले असताना एक जण झटकन उठला, की दुसरा कलंडतो.

हे व्यंग फक्त दोघांनी सांभाळून घेतलं. डावीकडे बाई बसत आणि उजवीकडे वकीलसाहेब. बाई विरोधी पक्षाच्या. पूर्वी त्या शाळेत शिकवत, त्यामुळे मंत्रीसुद्धा त्यांच्यासमोर खिशातले हात बाहेर काढत. वकीलसाहेब सत्ताधारी पक्षाचे. आत दोघं एकमेकांना देशाचे शत्रू म्हणत आणि बाहेर येऊन बिस्किटांचा एकच पुडा फोडत. वकीलसाहेब उठण्याआधी न चुकता म्हणत, "बाई, उठतो हं." मग बाई माझा हात घट्ट धरत आणि ते सावकाश उठत. मला वाटे, देश असाच चालत असणार.

बाईंचा मुलगा सैन्यात होता. दूरच्या एका देशात दोन गट एकमेकांच्या जिवावर उठले होते आणि त्यांच्या मधे उभं राहायला आपली शांतिसेना गेली होती. तो त्यात होता. बाईंना जरा कमी ऐकू येई, म्हणून त्याचा फोन त्या स्पीकरवर घेत. त्यामुळे मलाही तो घरचाच वाटे.

"कसं चाललंय रे?"

"मजेत. दोन्ही बाजू आमच्यावर चिडल्यात. तेवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत झालंय."

"जेवतोस ना वेळेवर?"

"आई, इथे गोळीबार वेळेवर होतो, जेवण नाही. पण नवी तुकडी आली की सुटलो. पुढच्या महिन्यात घरी!"

आणि मग सरकारनं आर्थिक सुधारणांचं विधेयक आणलं. कर्ज कमी करायचं, म्हणून काय काय कापलं होतं. त्यात शेवटी एक छोटं कलम होतं. नवी तुकडी पाठवायची नाही, आहेत त्याच सैनिकांनी आणखी एक वर्ष तिथे थांबायचं. प्रवासखर्च वाचतो.

मित्रांनो, संसदेत एक पद्धत असते. तिला 'जोडी' म्हणतात. एका बाजूचा सदस्य आजारी पडला, तर दुसऱ्या बाजूचा एक जण आपणहून मत देत नाही. म्हणजे कुणाचं नुकसान नको. याचा कागद नसतो. हात हातात दिला की झालं.

वकीलसाहेबांना हर्निया झाला होता. नेमकं मतदानाच्याच दिवशी त्यांचं ऑपरेशन ठरलं. ते माझ्यावर बसून कण्हत म्हणाले, "बाई, जोडी लावाल का माझ्याशी?"

बाईंनी लगेच हात पुढे केला. "निवांत ऑपरेशन करून घ्या. मी बाहेर बसते."

बाईंच्या पक्षातले लोक धावत आले. "अहो बाई, तुमच्याच मुलाचं कलम आहे ते! मोडा ती जोडी."

"तो माणूस टेबलावर बेशुद्ध पडलेला असताना मी आत जाऊन हात वर करू? शाळेत हेच शिकवलं का मी?"

शिवाय दोन्ही बाजू अगदी बरोबरीत होत्या, आणि बरोबरी झाली तर विधेयक पडतं असा नियम होता. म्हणजे दोघंही बाहेर राहिले तर मुलगा घरी येणार होता.

मतदानाची घंटा वाजली. सगळे आत पळाले. बाई माझ्यावर बसून राहिल्या. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि चाकाच्या खुर्चीतून वकीलसाहेब आले. अंगात हॉस्पिटलचा झगा, वर कोट, हाताला सलाईन. मागून एक नर्स सलाईनचा स्टँड ढकलत होती.

"वकीलसाहेब! अहो, तुम्ही ऑपरेशनच्या टेबलावर हवे होतात."

"काय करू बाई, वरून फोन आला. ऑपरेशन उद्यावर ढकललंय."

"आणि शब्द दिला होतात तो?"

"तो आहेच की हो. एवढं मत दिलं की लगेच पाळतो."

दारावरच्या शिपायानं स्टँड अडवला, कारण तो सदस्य नव्हता. तेव्हा वकीलसाहेबांनी बाटली स्वतःच उंच धरली आणि खुर्ची आत गेली. बाई उठून दाराकडे धावल्या. शिपाई मान खाली घालून म्हणाला, "बाई, घंटा संपली." आणि दार लागलं.

मतदान हात वर करून होतं. वकीलसाहेबांना वेगळा हात वर करावाच लागला नाही. बाटली धरलेला हात मोजला गेला. विधेयक एका मतानं मंजूर झालं.

बाहेर आल्यावर त्यांना चक्कर आली, म्हणून नर्सनं त्यांना नेहमीच्या जागी बसवलं. बाई दारापासून परत येऊन शेजारी बसल्या होत्या. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, "वकीलसाहेब, पंतप्रधान बोलावतायत!" आणि ते झटकन उठले. "उठतो हं" म्हणालेच नाहीत. बाई कलंडल्या, चष्मा खाली पडला. मी सावरू शकलो नाही. माझे हात लाकडी आहेत.

तशातच फोन वाजला.

"आई, काय झालं? येतोय ना मी?"

"थोडं लांबलंय रे. वर्षभर."

"तू मत दिलंस ना पण?"

"नाही. शब्द दिला होता मी."

"मग बरोबर केलंस. आम्हीही इथे तेच करतो. मधे उभं राहायचं आणि दोघंही खरं बोलतायत असं धरून चालायचं." मग तो हसल्यासारखं करून म्हणाला, "तू जेवलीस का?"

वकीलसाहेबांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. हर्निया खरा होता. तेवढंच खरं होतं. थोड्याच दिवसांत ते काटकसर खात्याचे मंत्री झाले आणि देशाचं कर्ज फेडायला त्यांनी माझ्यापासून सुरुवात केली. माझ्या विक्रीच्या कागदावर त्यांनी स्वतः लिहिलं, 'सोफा वापरात नाही. त्यावर दोघं बसलेले दिसत नाहीत.' खरंच होतं ते. त्या दिवसापासून बाई उभ्याच राहत.

लिलावाची जाहिरात पानभर होती. माझ्या किमतीत तिच्यातला एक स्वल्पविरामही आला नसता. म्हणजे देशाच्या कर्जात आता माझाही थोडा वाटा आहे.

तुमच्या वाचनालयानं मला घेतलं. तुम्ही माझ्यावर उड्या मारता, शाई सांडता, काथ्या उपसून त्याच्या मिशा लावता. माझी काही तक्रार नाही. बाईंचा मुलगा घरी आला का, ते मला कळलं नाही. सोफ्याला कुणी कळवत नाही. पण दाराशी बुटांचा आवाज आला, की माझ्या स्प्रिंगा अजून ताठ होतात.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. माझी मखमल फाटली तरी चालेल, पण दोघांच्या सोफ्यावरून उठताना शेजारच्याला सांगून उठा. त्यानं आपलं अर्धं वजन तुमच्या भरवशावर टाकलेलं असतं.