घासून कोरी केलेली पाठ

मी एक जुने, महागडे, स्विस मनगटी घड्याळ आहे. मित्रांनो! आत्मवृत्तात असे म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो. तुम्हा माणसांपैकी फक्त दोघांशी माझे जमले. त्यातला एक वारला आणि दुसरी मला टाकून निघून गेली. उरलेल्यांचे मला तोंडही बघायचे नाही, पण पेटीत पडून पडून माझे डोके फिरले आहे. म्हणून बोलतो.

माझा जन्म बर्फाच्या देशात झाला. तिथल्या कारागिरांनी भिंगातून बघत मला जोडले, वगैरे वगैरे. ते सगळे तुम्हाला कुठल्याही जाहिरातीत वाचायला मिळेल. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते अंधेरीजवळच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात, एका पैजेतून.

परदेशात कोळंबी पाठवणाऱ्या एका शेठच्या मनगटावर मी होतो. बंदरावर उभा राहून तो बळवंत नावाच्या कोळ्याला चिडवत होता. "घड्याळ नाही तुझ्याकडे, तुला वेळ काय कळणार?"

बळवंत म्हणाला, "वोहोटी कवा फिरल त्ये सांगतो. तू तुजं घड्याल बघत बस."

शेठला मजा वाटली. चुकलास तर आजची कोळंबी फुकट, बरोबर आलास तर घड्याळ तुझे, असे ठरले. बळवंत घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला. बराच वेळ गेला. मग त्याने पाण्याच्या कडेला काठी रोवली आणि म्हणाला, "आता." थोड्याच वेळात पाणी काठीच्या पुढे सरकले. शेठचा चेहरा पडला, पण बंदरावर एवढी माणसे बघत होती की शब्द फिरवणे शक्य नव्हते. अशा रीतीने घड्याळाची गरज नसलेल्या माणसाने मला जिंकले. याचा मला तेव्हा राग आला होता, आता अभिमान वाटतो.

घरी गेल्यावर बळवंतने पहिले काम काय केले असेल? सुरीचे टोक घेतले आणि माझ्या चकचकीत पाठीवर तीन रेघा आणि एक गळ कोरला. ती त्याच्या घराची निशाणी होती. होडी, वल्ही, जाळ्याचे तरंगते डबे, मासळीच्या पाट्या, सगळ्यांवर हीच खूण असे, म्हणजे समुद्रात वाहून गेलेली वस्तू ज्याची त्याला परत मिळे. मी मात्र कळवळलो. माझ्यासारख्या खानदानी घड्याळावर गळ!

बळवंत मला फक्त नारळी पौर्णिमेला आणि लग्नकार्याला घालायचा. रोज चावी द्यायची त्याची बायको कमळ. पहाटे लिलावाला निघण्याआधी, दिवा न लावता, ती मला हातात घ्यायची. वेळ बघायला नव्हे. माझ्या काट्यांशी तिला काही देणेघेणे नव्हते. माझ्या तोंडाकडे तिने कधी धड पाहिलेही नसेल. चावी देताना तिचा अंगठा पाठीवरच्या खुणेवरून फिरायचा आणि मासळीचा वास मला दिवसभर पुरायचा. बळवंत गेला. होडी विकली गेली, वल्ही जळणात गेली, डबे गेले. त्याच्या हातची खूण उरली ती फक्त माझ्या पाठीवर. तिचा अंगठा तिथे आता जास्त वेळ थांबू लागला.

मग तिच्या मुलाने, दिपेशने घाण केली. आईला न विचारता कपाटातून मला काढले आणि मोबाइलवर फोटो टाकून विकून मोकळा झाला. "जुनं तर आहे, कोण घालतंय," असे म्हणणारी माणसे मला विस्तवासारखी वाटतात.

विकत घेणारा यज्ञेश. अंधेरीतल्याच एका टॉवरमध्ये राहतो, जुनी घड्याळे जमवतो आणि ती घालत नाही. माझी पाठ बघताच ओरडला, "कुठल्या गाढवाने ओरबाडलंय हे!" दुसऱ्याच दिवशी मला साकीनाक्याच्या एका पॉलिशच्या गाळ्यात नेले. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, ही खूण मुद्दाम केलेली दिसते. राहू दे ना." यज्ञेश म्हणाला, "आरशासारखं कर. काचही नवी टाक." फिरत्या चाकावर माझी पाठ धरली गेली. तीन रेघा गेल्या, गळ गेला. मित्रांनो, सुरीने कोरले तेव्हा दुखले होते, पण तेव्हा माझ्यात काही आले होते. या वेळी फक्त गेले.

कमळला कळले तेव्हा तिने म्हणे दिपेशला घराबाहेर काढले. त्याने फोनवर गयावया केली आणि यज्ञेश, नवल म्हणजे, परत द्यायला तयार झाला. म्हणाला, "रविवारी आईंना घेऊन ये."

त्या रविवारी घाटकोपरहून चंद्रप्रकाश नावाचा गिऱ्हाईकही आला होता. यज्ञेशला आपली सगळी घड्याळे त्याच्या गळ्यात मारायची होती. जुन्या घड्याळाला पॉलिश केले की जाणकार त्याचा भाव पाडतात. "माझ्या एकाही घड्याळाला पॉलिश लागलेलं नाही," असे तो छातीठोकपणे सांगत असतानाच बेल वाजली.

कमळ आत आली. यज्ञेशने मला तिच्या हातात ठेवले. तिने मला उलटे केले आणि अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. मला ओरडावेसे वाटत होते, अगं, मीच आहे!

"ह्ये माजं नाय," ती म्हणाली.

"आये, ह्येच आहे. घे ना," दिपेश कुजबुजला.

"तुला काय म्हाईत रे? कवा हातात घेतलंस तू?" मग ती यज्ञेशकडे वळली. "पाठीवर घासलंस काय रे पोरा? खरं सांग. घासलं असंल तर तसं सांग, मी काय बोलनार नाय. आहे तसं नेईन."

बस, एवढेच विचारले होते तिने. यज्ञेशने चंद्रप्रकाशकडे पाहिले आणि म्हणाला, "नाही हो आजी. हातसुद्धा लावलेला नाही."

"मंग बदललंस तू. माज्या नवऱ्याची निशानी ठेवून ह्ये गुळगुळीत माज्या हातात दिलंस. ठेव तुलाच." तिने मला टीपॉयवर ठेवले. आपटले असते तरी चालले असते. पण परक्याची वस्तू ठेवावी तसे तिने मला अलगद ठेवले.

दार लागले. मग चंद्रप्रकाशने मला उचलले आणि हसला. "यज्ञेशभाई, कडा बघा, साबणाच्या वडीसारख्या झाल्यात. मला आल्या आल्या दिसलं होतं." एकही घड्याळ न घेता तो निघून गेला. आल्या आल्या दिसले होते, तर तिच्यासमोर तोंड का उघडले नाही रे? पुढेमागे भाव पाडायला हाती काहीतरी राहावे म्हणून! यज्ञेशने दिपेशला फोन लावायला मोबाइल काढला आणि परत खिशात टाकला.

मित्रांनो, वस्तू नीट पुसून, चकचकीत ठेवा, असे सांगून इतर वस्तू आपले आत्मवृत्त संपवतात. मी तसे सांगणार नाही. ओरखडा दिसला तर आधी विचारा, तो कोणी मारला. आणि पुसून बसलाच असाल, तर विचारणाऱ्याला "हो, मी पुसला" एवढे तरी सांगा.

यज्ञेश मला विकू शकत नाही, म्हणून आता रोज सकाळी चावी देतो. त्याचाही अंगठा माझ्या पाठीवरून फिरतो. त्याला तिथे काहीच लागत नाही.